‘लव्ह अँड गॉड’ २३ वर्षं का रखडला

२७ मे १९८६ रोजी ‘लव्ह अँड गॉड’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा दिग्दर्शक के. आसिफ जाऊन पंधरा वर्षं लोटली होती. नायक संजीवकुमार आदल्याच नोव्हेंबरात गेला होता. आणि ज्याला घेऊन चित्रीकरण सुरू झालं तो गुरुदत्त तर १९६४ मध्येच. तिघांपैकी एकानेही पन्नाशी पाहिली नाही. साहजिकच ‘पनवती चित्रपट’ हा शिक्का बसला. सिनेमावाल्यांना असले किस्से फार आवडतात. पण हा चित्रपट रखडला त्याचं मूळ आसिफच्या काम करण्याच्या पद्धतीत शोधावं लागतं, आणि त्यासाठी ‘मुघल-ए-आझम’पर्यंत मागे जायला हवं.

तो चित्रपट आसिफने एकदा नव्हे, दोनदा सुरू केला. चाळीसच्या दशकातल्या पहिल्या प्रयत्नात चंद्रमोहन अकबर होता आणि नर्गिस अनारकली. पैसा लावणारे शिराज अली हकीम फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारला आणि सगळं कोलमडलं. दुसरा कुणी असता तर विषय सोडून देता. आसिफने पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार आणि मधुबाला यांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शापूरजी पालनजींनी पैसा पुरवला. कुरकुर करत का होईना, पण पुरवत राहिले. शीशमहालाच्या सेटसह काही भाग रंगीत झाल्यावर आसिफला अख्खा चित्रपटच रंगीत हवासा वाटू लागला, तेव्हा मात्र वितरकांचा धीर सुटला. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरमध्ये चित्रपट लागला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

या यशातून आसिफने काय घेतलं असेल? माझ्या मते, थांबलं तरी बिघडत नाही हेच. नट गेला तर दुसरा आणू, झालेलं काम टाकून देऊ, सेट पुन्हा उभारू. शेवटी पडद्यावर काय दिसतं तेवढंच महत्त्वाचं.

१९६३ मध्ये त्याने लैला-मजनूची कथा हाती घेतली. या वेळी सगळा चित्रपट रंगीत. कैसच्या (म्हणजे मजनूच्या) भूमिकेत गुरुदत्त, लैला निम्मी, संगीत नौशाद यांचं, गीतं खुमार बाराबंकवींची. गंमत म्हणजे झालेलं चित्रीकरण अर्ध्यावर गुंडाळून ठेवण्याची खोड खुद्द गुरुदत्तलाही होती. ‘गौरी’ हे त्याचं ठळक उदाहरण. १० ऑक्टोबर १९६४ ला तो गेला. त्याच्याच संस्थेच्या ‘बहारें फिर भी आयेंगी’मध्ये धर्मेंद्रला घेतलं गेलं आणि १९६६ मध्ये तो चित्रपट लोकांसमोर आलाही. म्हणजे नायकाच्या मृत्यूतूनही चित्रपट वाट काढू शकत होता. ‘लव्ह अँड गॉड’ मात्र काही वर्षं पडून राहिला. मग संजीवकुमार कैस झाला, लैला निम्मीच राहिली, आणि नायकाची दृश्यं नव्याने चित्रित होऊ लागली. मधल्या काळात निम्मी पडद्यापासून जवळजवळ दूर गेली होती. पुढे हाच तिचा प्रदर्शित झालेला शेवटचा चित्रपट ठरला.

‘मुघल-ए-आझम’च्या वेळी आसिफ ऐन तिशीत होता, हाताशी वेळ होता. ९ मार्च १९७१ रोजी तो वारला तेव्हा त्याचं वय होतं ४८. चित्रपट अपुराच होता, आणि तो कसा जोडायचा याचा आराखडा ज्याच्या डोक्यात होता तोच नाहीसा झाला.

पुढची दीड दशकं रिळं पडून राहिली. अखेर आसिफची पत्नी अख्तर आसिफ (दिलीपकुमारची बहीण) यांनी पुढाकार घेतला आणि निर्माते के. सी. बोकाडिया यांच्या मदतीने तीन वेगवेगळ्या स्टुडिओंतून वापरण्याजोगे तुकडे गोळा केले. काही महिन्यांत त्यांची जोडणी करून जे तयार झालं तेच पडद्यावर आलं. तोवर महंमद रफीलाही जाऊन सहा वर्षं होत आली होती, आणि त्याचा आवाज या चित्रपटातून ‘नवा’ म्हणून ऐकू येत होता. प्रेक्षकांनी फारशी दखल घेतली नाही. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? दुवे तुटलेले, रंग आणि धाटणी साठच्या दशकातली. तरीही भव्य चौकटींचा आसिफचा सोस अधूनमधून लख्ख दिसतो. दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर ‘फूल’, ‘मुघल-ए-आझम’ आणि हा, असे तीनच चित्रपट आहेत. त्यातल्या या तिसऱ्याचं संकलन त्याच्या नजरेखाली झालंच नाही.