पीडीएफ तिकीट आणि मोबाइल तिकीट: पुनर्विक्रीत नेमकं काय हातबदल होतं?

'तिकीट आहे, पैसे टाका, लगेच स्क्रीनशॉट पाठवतो.' मोठ्या सामन्याआधी असे मेसेज फिरतात आणि लोक खरंच पैसे टाकतात. मोबाइल तिकीट म्हणजे फोनमध्ये ठेवलेली पीडीएफ, हा गैरसमज काही केल्या जात नाही. त्याची किंमत गेटवर मोजावी लागते.

पीडीएफ तिकीट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर एकच कायमचा बारकोड असतो. तो छापा, फॉरवर्ड करा किंवा त्याचा फोटो काढा, चालतो. दहा जणांना विकला तर ज्याचा आधी स्कॅन होईल तो आत जातो, बाकीचे नऊ बाहेर राहतात. मोबाइल तिकिटाने कागदाची बचत होते, फोन चार्ज लागतो वगैरे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक हा: मोबाइल तिकिटात बारकोड म्हणजे तिकीट नव्हे. तिकीट म्हणजे सर्व्हरवरची नोंद, अमुक सीट अमुक खात्याच्या नावावर. स्क्रीनवरचा कोड हा त्या नोंदीचा काही सेकंदांपुरता पुरावा असतो. तिकीटमास्टर या अमेरिकी तिकीटविक्री कंपनीने 2019 मध्ये आणलेल्या 'सेफटिक्स' या मोबाइल तिकिटात तो दर 15 सेकंदांनी बदलतो. तिकिटाशी जोडलेली गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांवरून फोनच नवा कोड तयार करत राहतो. म्हणून स्क्रीनशॉट तुमच्यापर्यंत पोहोचेतो शिळा झालेला असतो. विक्रेता प्रामाणिक असला तरीही.

म्हणजे विक्रीत चित्र नाही, नोंद हलली पाहिजे. विक्रेता ॲपमध्ये तिकीट उघडतो, 'ट्रान्सफर' निवडतो, तुमचा ईमेल किंवा फोन नंबर टाकतो. तुम्हाला लिंक येते. स्वतःच्या खात्यात लॉगिन करून तुम्ही ती स्वीकारली की विक्रेत्याकडचा कोड रद्द होतो आणि तुमच्या खात्यात नवा तयार होतो. लोक अडकतात ते 'पाठवलं' आणि 'स्वीकारलं' यांच्या मधे. स्वीकारेपर्यंत विक्रेता ट्रान्सफर मागे घेऊ शकतो. 'ट्रान्सफर पाठवला' एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्याच ॲपमध्ये सीट नंबरसह तिकीट दिसलं पाहिजे. लिंकही ईमेलमधून न उघडता थेट ॲपमध्ये तपासलेली बरी, कारण हुबेहूब दिसणारे बनावट ईमेल येतात.

ट्रान्सफरमध्ये तिकीट हलतं, पैसे नाहीत. पैसे तुम्ही बाहेरून दिलेले असतात आणि त्या व्यवहाराशी ॲपला देणंघेणं नसतं. खरेदीदाराने तिकीट स्वीकारून नंतर पेमेंट उलटवलं तर विक्रेताही हात चोळत बसतो. त्यामुळे अनोळखी माणसाशी व्यवहार असेल तर त्याच ॲपमधला अधिकृत 'रीसेल' वापरा, असं मी ठामपणे सांगेन. तिथे पैसे आणि नोंद एकाच व्यवहारात हलतात. शुल्क जास्त लागतं, ते खुपतंही, तरी द्या. 'माझ्या खात्याचा पासवर्ड देतो, तूच लॉगिन कर' हा प्रस्ताव मात्र सरळ नाकारा. खातं त्याचं आहे, तो केव्हाही पासवर्ड बदलेल.

'या तंत्रामुळे काळाबाजार संपला' हा दावाही सतत ऐकू येतो. तंत्राने अडवलं ते नक्कल करणं; चढ्या भावाला त्याने हात लावलेला नाही. उलट आयोजकाच्या हाती चावी आली. तो ट्रान्सफर बंद ठेवू शकतो, सामन्याच्या एकदोन दिवस आधीपर्यंत कोड रोखू शकतो, फक्त स्वतःच्याच बाजारात विक्री होऊ देऊ शकतो. न्यूयॉर्क राज्यात म्हणूनच कायदा आहे की ट्रान्सफर न होणारं पेपरलेस तिकीट विकायचं असेल तर खरेदीच्या वेळी ट्रान्सफर होणारा पर्यायही द्यावा. इंग्लंडमध्ये उलटी गत: फुटबॉल सामन्याचं तिकीट परवानगीविना विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. ॲपमध्ये ट्रान्सफरचं बटण चालतं म्हणून तिथे विक्री वैध ठरत नाही.

तिकीट हाती आलं की घरीच ते फोनच्या वॉलेटमध्ये (तिकिटं, कार्डं ठेवायच्या ॲपमध्ये) जोडा, कारण स्टेडियमबाहेर हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढतात आणि ॲप उघडत नाही. फोनचं घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. ते पुढेमागे असेल तर वेळेवर बेतलेला कोड चुकू शकतो. चार तिकिटं एकाच खात्यात असतील तर तिघांची आधीच ज्याच्या-त्याच्या फोनवर ट्रान्सफर करून टाका. नाहीतर उशिरा येणाऱ्या एकासाठी चौघेही गेटबाहेर थांबाल.