परदेशी स्थायिक झालात म्हणून पुण्यातला फ्लॅट विकावा लागत नाही

निवृत्तीनंतर मुलांकडे अमेरिकेत राहायला गेलो आणि तिथलं नागरिकत्व घेतलं, की कोथरूडचा फ्लॅट विकावाच लागतो, ही समजूत चुकीची आहे. भारतात राहत असताना घेतलेलं घर पुढेही ठेवता येतं. फेमा कायद्यातच (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) तशी तरतूद आहे. मुळशीतली आधीची शेतजमीनसुद्धा राहते, नवी मात्र विकत घेता येत नाही. नसत्या भीतीपोटी लोक पडेल भावात घरं विकतात, याचं फार वाईट वाटतं.

भाड्याने दिलंत तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) घेईल, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. अनिवासी झाल्यावर विकलंत, तर खरेदीदाराला निवासी विक्रेत्यासाठीच्या नेहमीच्या १ टक्क्याहून बराच जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो. तो कमी करणारं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून व्यवहाराआधीच घ्या.