पार्श्वभूमी : सड्यावरची क्रिटेरियम आणि लॅप झालेल्यांचा प्रश्न

रत्नागिरीजवळ सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावरच्या, औद्योगिक वसाहतीत होणाऱ्या क्रिटेरियमचा, म्हणजे छोट्या बंद वळशावर फेऱ्या मारत पळायच्या सायकल शर्यतींचा हंगाम दिवाळी सरली की सुरू होतो आणि शिमग्याच्या आत आटोपतो. या शर्यती भरवणारा हौशी संघ स्वतःही त्यांत उतरतो. यंदाच्या प्रवेशअर्जातही ती वादाची ओळ कायम आहे : 'लॅप झालेल्या स्पर्धकास शेवटची पाच मिनिटे उरेपर्यंत बाहेर काढले जाणार नाही.' लॅप होणे म्हणजे पुढच्या गटाहून एक पूर्ण फेरी मागे पडणे. घाटावरून येणारे स्पर्धक या ओळीवर हरकत घेतात आणि संघातही तिच्यावरून दोन तट आहेत. ती का आली, हे संघ कसा घडला ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

क्रिटेरियमचा मूळ इतिहास युरोपातला. टूर द फ्रान्स संपली की तिथले गाजलेले शर्यतपटू मानधन घेऊन बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्समधल्या गावांत छोट्या वळशांवर पळायला येत. त्या प्रथेने हा प्रकार गावोगाव रुजवला. महाराष्ट्रात मात्र सायकल शर्यत म्हटली की मुंबई–पुणे आणि बोरघाटातला 'घाटाचा राजा', हेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर होते. कोकणात तेही नव्हते. इथे सायकल चालायची ती किनारपट्टीच्या सपाट चिंचोळ्या भागात, पाववाल्याची, मासेवाल्याची, पोस्टमनची. सड्यावर चढायचे तर लोक ती हातात धरून चढत.

आजच्या संघाची मुळे यातल्या कशातही नाहीत, ती ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमध्ये आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ठरल्या वेळेत जो पोहोचला तो उत्तीर्ण, पहिला-दुसरा काही नाही. संघातली पहिली मंडळी, म्हणजे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एक दंतवैद्य, एक आंबा बागायतदार, ही सगळी या शाळेत शिकली. शेवटचा माणूस येईपर्यंत चहावाल्याला थांबवून ठेवायचे, ही त्यांची सवय. पुढच्या वादात ही सवय फार मोठी ठरली, इतकी की नियमाचा तो वाद मला मुळात दोन सवयींचा वाद वाटतो.

महामार्गाची अवस्था हे दुसरे कारण. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये पनवेल–इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले आणि त्यानंतरची वर्षे खड्डे, वळणरस्ते आणि उखडलेली खडी यांतच गेली. परशुराम घाटात दरड कोसळायची, काम अडायचे. अशा रस्त्यावर पन्नास जणांची शर्यत सोडायची परवानगी कोण देणार? किनाऱ्याकडचा रस्ता सुंदर खरा, पण अरुंद, आणि आरे-वारेसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या गाड्या कुठल्याही वळणावर थांबलेल्या. गावातून गावात जाणारी शर्यत इथे भरवताच येत नव्हती.

मग २०२० आले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तीन जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच दिवशी, जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. ज्या सायकलीवर आमच्या आधीची पिढी शाळेत गेली तिचा कारखाना बंद होत होता आणि दुसरीकडे गिअरच्या सायकलींना दुकानांत प्रतीक्षायादी लागली होती. मुंबई-पुण्याहून घरी परतलेली, लॅपटॉपवर काम करणारी तरुण मुले सकाळी सड्यावर दिसू लागली. त्यांच्यातल्या काहींनी शहरांतल्या क्लबांमध्ये शर्यती मारलेल्या होत्या. क्रिटेरियमची कल्पना त्यांनीच आणली. ब्रेव्हेवाल्यांनी ती उचलली, कारण ती इथे बसत होती : दीड किलोमीटरचा बंद वळसा, चार वळणे, एक रुग्णवाहिका, वीस-बावीस स्वयंसेवक आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे दोन-अडीच तासांपुरती रस्ता बंद ठेवण्याची परवानगी. जागतिक नियमावलीत असा वळसा ८०० मीटर ते १० किलोमीटर चालतो, तेव्हा तिथेही अडचण नव्हती.

तयारी मात्र कोकणी आहे. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला शेवाळ सुकून काळे पापुद्रे धरलेले असतात आणि वळणांवर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते. रोडबाईकच्या २५-२८ मिलिमीटरच्या टायरला ती खडी पुरेशी आहे, ताशी चाळीसने आलेला रायडर तिच्यावरून थेट गटारात. म्हणून आदल्या संध्याकाळी खराटे घेऊन चारही वळणे झाडली जातात आणि पहाटे पुन्हा एकदा, कारण रात्रीत एखादा डंपर जातोच. विजेच्या खांबांना पेंढा भरलेली पोती बांधतात. शर्यत साडेसहाला सोडतात, मतलई वारा असेपर्यंत. दहानंतर खारा वारा सुटला की समुद्राकडच्या बाजूला सगळे मंदावतात. मार्चपासून आंब्याची धांदल, मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्या. उरतात ते थंडीचे महिने.

पहिल्या हंगामात रुळलेला नियमच लावला होता. पुढच्या गटाने तुम्हाला एक पूर्ण फेरी मागे टाकले की तुम्ही लॅप झालात, शिट्टी वाजते, बाहेर. नियमामागे कारण भक्कम आहे. छोट्या वळशावर मागे पडलेले रायडर पुढच्यांच्या वाटेत येतात, कोण कितव्या फेरीत आहे ते कळत नाही आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये अपघात होतात.

पण हिशेब करून पाहा. पुढचा गट ताशी ३८ किलोमीटरने चालला आहे आणि एखादी मुलगी ताशी ३० ने, तर दर तासाला आठ किलोमीटरचा फरक. दीड किलोमीटरचा वळसा भरून निघायला सव्वाअकरा मिनिटे पुरतात. शर्यत चाळीस मिनिटांची. इथल्या चढउतारांवर एकटीने सराव करणाऱ्या, हायब्रिड सायकलवरच्या मुलीसाठी ताशी ३० हा हलका वेग नाही. गटात दुसऱ्याच्या मागे राहिले की पुढचा हवा कापतो आणि चौथाई ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात, पण गटात टिकायला गटात पळण्याचा सराव लागतो, आणि तो करायला गट हवा. घाटावर तो मिळतो. इथे लांजा-राजापूरकडून येणाऱ्याला तो फक्त शर्यतीच्या दिवशीच मिळतो, आणि तिथून त्याला बाराव्या मिनिटाच्या आत बाहेर काढले जात होते. पुढच्या वेळी असे स्पर्धक आले नाहीत. रेषेवर उभे राहिले ते यजमान संघातले आणि कोल्हापूर-पुण्याचे. गावात शर्यत, आणि गावातले बघे.

दुसऱ्या हंगामात ब्रेव्हेवाल्यांनी नियम पार काढून टाकला : कोणालाच बाहेर काढायचे नाही, शेवटच्या फेरीची घंटा वाजली की सगळे त्याच फेरीत संपवतील आणि प्रत्येकाच्या फेऱ्या मोजल्या जातील. मैदान भरले, पण मोजणी कोलमडली. टेबलावर दोन शिक्षक बसत, एक नंबर पुकारणारा, एक लिहिणारा. गट विखुरला की सहा नंबर एका श्वासात पुकारावे लागत, आणि छातीऐवजी पाठीला लावलेला नंबर वाऱ्याने दुमडलेला असे. एकदा शेवटच्या वळणावर दोन लॅप झालेले आणि चार पुढचे एकत्र आले, तिघे पडले. कॉलरबोनच्या पुढे दुखापत गेली नाही, पण निकालावर तक्रार आली आणि शहरातून आलेल्या संघांनी पुढच्या वेळी येणार नाही असे कळवले. त्यांचा राग रास्त होता.

आजची ओळ ही त्यानंतरची तडजोड. लॅप झालेल्याने डावी कड धरायची, पुढच्या गटात घुसायचे नाही, कोणासाठी हवा कापायची नाही. पाच मिनिटे उरली की लाल झेंडा, तेव्हा सगळे लॅप झालेले बाहेर आणि त्यांचा क्रम त्या क्षणाच्या फेऱ्यांवर. टेबलाशेजारी तिपाईवर एक मोबाइल सतत चित्रण करतो, तक्रार आली की तेच पाहतात. शेवटची फेरी जवळच्या शाळेचा पितळी टोल वाजवून सांगतात आणि तो ऐकताना वळशावर फक्त खरे दावेदार असतात.

विरोधकांचे म्हणणे, याला क्रिटेरियम म्हणू नये; बाहेर निघण्याची भीती हाच या प्रकाराचा जीव आहे. संघातले काही वेगवान तरुण आजही हेच म्हणतात, आणि ते इतरत्र कडक नियमाखाली पळतात म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचे, गाडीच्या टपावर सायकली बांधून, आणि चाळीस जणांच्या गटाने मागे टाकले की पंधराव्या मिनिटाला शिट्टी ऐकून बाहेर पडायचे, हे संघातल्या बहुतेकांनी भोगले आहे. त्यातून वळणे सुधारली, हेही खरे. पण ते पुन्हा तिकडे गेले, कारण घरी त्यांना पूर्ण वेळ पळायला मिळत होते. शर्यत ज्या गावाची आहे तिथल्या रायडरचा वेग पाहून नियम ठरला पाहिजे. दुसऱ्या गावाचा वेग आणून इथले मैदान रिकामे करण्यात शिस्त कुठली?

यजमान संघानेच जिंकण्याचा प्रश्नही मधूनमधून उठतो. तो लवकर सुटला : शर्यतीत उतरणाऱ्याने त्या दिवशी मोजणीच्या टेबलाजवळ फिरकायचे नाही आणि मधल्या फेऱ्यांची बक्षिसे, जी अनेकदा ध्वनिक्षेपकावर आयत्या वेळी जाहीर होतात, काजूची पाकिटे किंवा दुकानदाराने दिलेली ट्यूब, ती यजमानांनी घ्यायची नाहीत.

यंदा मुलींची शर्यत प्रथमच वेगळी सोडली जाणार आहे. आजवर ती मुलांच्या शर्यतीमागून मिनिटभराने त्याच वळशावर सुटायची आणि लॅप होण्याचा नियम तिथे सर्वांत जाचक ठरायचा. पाच मिनिटांची ओळ या वेगळ्या शर्यतीलाही लावायची की नाही, याचा निर्णय पहिल्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, वळणे झाडून झाल्यावर, नावे किती आली ते पाहून होईल.