दसऱ्याची पाटी आणि त्याआधीचे अक्षरखेळ
(३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी)

पाटीपूजन झाले की दुसऱ्याच दिवशी मुलाला ‘अ’ गिरवायला बसवण्याची घाई होते. म्हणून आमच्या पाटीसोबत हे पत्रक देत आहोत. या वयात आधी कान तयार होतो, मग हात. नवरात्रात पाटी बाजूला ठेवा आणि सुरुवात खिरापतीपासून करा.

भोंडल्यात खिरापत ओळखायची असतेच. घरीही डब्यात रोज एक पदार्थ झाकून ठेवा आणि खूण म्हणून पहिला आवाज सांगा: ‘का’. काजू ओळखला की त्याच आवाजाचे आणखी दोन शब्द मिळून शोधा: काकडी, कावळा. इथे एक चूक हमखास होते. मोठ्यांना ‘कणीस’ आणि ‘किसणी’ दोन्ही ‘क’चेच शब्द वाटतात. मुलाला ‘क’ आणि ‘कि’ वेगळे ऐकू येतात आणि त्याचे बरोबरच आहे. म्हणून पहिला आठवडा काना-मात्रेसकट एकच अक्षर धरा: शेवंती, शेव, शेपटी. ‘च’ सध्या नकोच. कोजागिरीचा ‘चंद्र’ आणि ताटातली ‘चटणी’ एकाच अक्षराने लिहितो, पण दोन्हींचा उच्चार वेगळा.

आपट्याचे पान कागदाखाली उलटे ठेवा, कारण शिरा मागच्या बाजूला उठून दिसतात. वर पातळ कागद धरून तेलखडू आडवा घासायचा. वाळलेले पान चुरते, ताजेच घ्या. एका डहाळीत भागते, झाड ओरबाडू नये. (बाजारात कांचनाची पानेही आपटा म्हणून येतात. ती मोठी असतात, ठशाला तीही चालतील.) मूल सांगेल ते नाव ठशाखाली तुम्ही ठळक लिहा आणि बोट डावीकडून उजवीकडे फिरवत दोघांनी वाचा.

तोरणातला झेंडू दसऱ्यानंतर टाकू नका. फरशीवर खडूने फूटभर उंच ‘ट’ काढा, तोच ‘आपटा’तला. जिथून लिहायला सुरुवात होते तिथे वेगळ्या रंगाचे फूल ठेवा. बाकीची दहा-बारा फुले मुलाच्या हातात एकेक करून द्या. सगळी एकदम दिली तर ते कुठूनही भरत जाते. अक्षर सुंदर दिसते, पण वळण हाताला कळत नाही. शिरोरेषा शेवटी. फुलांऐवजी सीताफळाच्या बिया कधीही वापरू नका: घशात अडकू शकतात आणि आतला गर डोळ्याला गेला तर फार झोंबतो.

आता पाटी. पूजेची सरस्वती ‘१’ हे अंक जोडून काढतात, लहान हाताला याहून चांगला पहिला धडा नाही. पाच-सहा ‘१’ मुलाचे, उरलेले तुमचे. वरचा वाटोळा भाग आधी, मग खाली तिरकी शेपटी. पेन्सिलीचा ३-४ सेंटीमीटरचा तुकडाच द्या. लांब पेन्सिल मुठीत धरली जाते, आखूड आपोआप तीन बोटांत येते. कर्कश आवाज आला तर पेन्सिल थोडी तिरपी धरायला सांगा. पाटी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, ओलीवर अक्षर फिके उमटते. ‘१’ उलटा निघाला तर पुसू नका, शेजारी सरळ काढून दाखवा. या वयात अक्षरे उलटी येणे नेहमीचेच आहे.

एका वेळी दहा मिनिटे. मूल उठले की खेळ संपला.