पर्यावरणपूरक दैनंदिन सवयी (नागपूर)

पाणी, वीज, इंधन आणि अन्न बेताने वापरणे, वस्तू टाकण्यापूर्वी तिचा पुरता उपयोग करून घेणे आणि जे टाकायचेच त्याची नीट वाट लावणे, अशा घरगुती वागणुकीला पर्यावरणपूरक दैनंदिन सवयी म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा तो शाश्वत विकास, अशी व्याख्या केली आणि तेव्हापासून ‘शाश्वत’ हा शब्द शासकीय कागदपत्रांत व पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘मिशन लाइफ’ या नावाने याच सवयींचा देशव्यापी प्रचार सुरू केला. विदर्भाला ही कल्पना नवी नव्हती. नागपूरपासून सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवरील वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चालत असे, आणि त्याची धुरा वाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा निसर्गाच्या चक्रातून घेतलेले त्या चक्रात परत गेले पाहिजे, अशा धाटणीचे अर्थशास्त्र मांडत होते. घरोघरी मात्र या सगळ्याला साधा शब्द होता, काटकसर.

या सवयी सर्वत्र सारख्या नसतात. एखादी सवय चांगली की वाईट हे त्या गावचे पाणी कुठून येते, वीज कशापासून होते, कचरा कुठे जातो आणि ऋतू कोणता चालू आहे, यांवर ठरते. नागपूर हे याचे बोलके उदाहरण आहे. येथे मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तर डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. शहराचे बहुतेक पाणी पेंच नदीवरील तोतलाडोह व त्याखालील नवेगाव खैरी या धरणांतून आणि कन्हान नदीतून येते. जवळचा गोरेवाडा तलाव त्याला थोडा हातभार लावतो. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावर चालणारी दोन मोठी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. शहराचा कचरा पूर्वेकडील भांडेवाडीला जातो. सवयीचा हिशेब शेवटी या ठिकाणांपाशी जाऊन पोहोचतो.

नागपूरच्या उन्हाळ्यातील सर्वांत महत्त्वाची घरगुती वस्तू म्हणजे कूलर. होळी सरली की पत्र्याचे कूलर खिडक्यांत चढतात, जुन्या ताट्या, म्हणजे पाणी धरून ठेवणारे बाजूचे पडदे, काढून नव्या बसवल्या जातात आणि जूनपर्यंत बहुतेक घरांच्या दुपारी त्यांच्या घरघरीत जातात. त्याचे पूर्वरूप म्हणजे दारा-खिडक्यांवर टांगलेले वाळ्याचे पडदे, ज्यांवर तासातासाने पाणी शिंपावे लागे. पंखा आणि लहानसा पंप जोडल्यावर तेच काम यंत्राने होऊ लागले. आज ताट्यांत वाळ्याऐवजी बहुधा लाकडाचा तंतुमय भुसा किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखे जाडसर पुठ्ठे असतात, पण तत्त्व बदललेले नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते. म्हणजे ताशी आठ लिटर पाणी उडवणारा मोठा कूलर दीड टनी एसीच्या तोडीची उष्णता हवेतून काढतो आणि त्यासाठी साधारण २०० वॉट वीज घेतो, तर तसा एसी पूर्ण भाराने चालताना दीड हजार वॉटच्या आसपास घेतो. बाहेर ४४ अंश तापमान आणि पंधरा-वीस टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताट्यांचा कूलर २८ अंशांच्या जवळपासची हवा आत सोडू शकतो. मात्र ही हवा ओली असते. ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी, आणि ही साधी गोष्ट अनेक घरांत पाळली जात नाही. दारे बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते आणि दोष कूलरला दिला जातो.

कूलरवर घेतला जाणारा आक्षेप पाण्याचा आहे आणि तो खोटा नाही. दिवसाला बारा-चौदा तास चाललेला मोठा कूलर शंभर लिटरहून अधिक पाणी पितो, तर शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरले जातात. तरीही दुसरी बाजू पाहिली पाहिजे. कोळशाच्या वीजकेंद्रालाही थंड होण्यासाठी पाणी लागते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी घातलेली मर्यादा दर युनिटला साडेतीन लिटर अशी होती. ग्रीडमधून आलेली वीज नेमकी कुठली हे सांगता येत नसले तरी, कोळशाच्या विजेवर तासभर चाललेला एसी घराच्या नळाचे पाणी न घेता कुठेतरी चार-पाच लिटर पाणी संपवतो आणि वर एखादा किलो कोळसा जाळतो. त्यामुळे ‘एसीला पाणी लागत नाही’ हे म्हणणे फक्त घराच्या उंबरठ्यापर्यंत खरे आहे. कूलरच्या बाबतीत खरी उधळपट्टी होते ती टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा फ्लोट बिघडून रात्रभर वाहणाऱ्या पाण्यात. टाकीतले क्षार साचलेले पाणी अधूनमधून बदलावेच लागते. ते मोरीत न सोडता झाडाच्या आळ्यात घालण्याची रीत अनेक घरांत आहे. ज्यांना एसीशिवाय चालत नाही त्यांच्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब असा की तापमान एका अंशाने वाढवून ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. गच्चीला चुना फासणे, पश्चिमेच्या खिडकीवर हिरवी जाळी बांधणे आणि सकाळी दहा वाजता खिडक्या लोटून संध्याकाळी उघडणे, या उपायांना तर वीज लागतच नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी माठ आणि सुरई अजूनही घराघरांत टिकून आहेत, कारण कोरड्या हवेत मातीच्या भांड्यातून पाझरणारे पाणी लवकर उडते व आतले थंड होते, तत्त्व कूलरचेच. रस्त्याकडेच्या पाणपोईतले रांजणही त्याच न्यायाने चालतात. नळाच्या पाण्याविषयी शहराला खडबडून जाग आली ती २०१९ मध्ये. पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेले आणि जुलैमध्ये महानगरपालिकेला दिवसाआड पाणीपुरवठा करावा लागला. त्याआधीच्या पिढ्यांनी महाल आणि इतवारीच्या वाड्यांतून विहिरी राखल्या होत्या; नळ आल्यावर त्यांतल्या अनेक बुजवल्या गेल्या, ही चूक म्हटली पाहिजे. नागपुरात वर्षाला सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्यातून एक लाख लिटरहून अधिक पाणी पडते, आणि वाया जाणारे वगळले तरी ऐंशी हजार लिटर विहिरीत किंवा बोअरवेलमध्ये मुरवता येते. रोजच्या व्यवहारात यापेक्षा लहान गोष्टी येतात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालतात, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशीला वापरतात, गाडी पाइपने न धुता ओल्या फडक्याने पुसतात. नळाला थेट टिल्लू पंप, म्हणजे पाणी खेचणारा छोटा विजेचा पंप, जोडण्याची खोड मात्र सोडण्यासारखी आहे. तो बेकायदा असतो, शेजाऱ्याचा दाब कमी करतो आणि जलवाहिनीला कुठे चीर असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढतो.

वापरून झालेल्या पाण्याची येथील गोष्ट वेगळी आहे. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळाले, तिच्यात आणि पिवळी नदीत दीर्घकाळ सांडपाणीच वाहत आले. पुढे ते कन्हानमार्गे वैनगंगेत जाते. भांडेवाडी येथे दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभारून तेथील पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना गेल्या दशकात अमलात आली, आणि तेवढे पेंचचे गोडे पाणी मोकळे झाले. न्हाणीतून गेलेले पाणी अशा रीतीने विजेच्या कामी येते. म्हणून मोरीत खरकटे तेल, रंग किंवा जुनी औषधे न ओतणे ही केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही, कारण असे पदार्थ शुद्धीकरणात अडथळा आणतात. शहरातील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या ओळखीची ‘नीरी’, १९५८ मध्ये स्थापन झाली तीच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून, आणि पाणी व सांडपाणी हे तिचे सुरुवातीपासूनचे विषय आहेत.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे कचरा करणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक केले. भारतीय शहरांच्या कचऱ्यात ओल्याचा वाटा सहसा निम्म्याच्या आसपास असतो, आणि तो ढिगाऱ्यात दबला की त्यातून मिथेन वायू निघतो. भांडेवाडीत उन्हाळ्यात लागणाऱ्या आगींमागे तेही एक कारण असते. अंगण असेल तर खड्डा आणि सदनिका असेल तर भोके पाडलेली बादली, एवढ्यावर खत होते. सुका पालापाचोळा आणि ओला कचरा आलटून पालटून टाकावा, ओल मुठीत दाबल्यावर पाणी न गळण्याइतकी ठेवावी आणि अधूनमधून ढवळावे. मे महिन्यात बादली वाळून कोरडी पडते व खत करणारे किडे मरतात, तर पावसाळ्यात ती चिखल होते, म्हणून उन्हाळ्यात पाणी शिंपडणे आणि पावसाळ्यात भुसा वाढवणे भाग असते.

खतात येथे एक खास अडचण येते, ती संत्र्याच्या सालींची. संत्र्याला वर्षात दोन बहर येतात; अंबिया बहराची संत्री नोव्हेंबरपासून आणि मृग बहराची फेब्रुवारीपासून येऊ लागली की घरात आणि रसवंत्यांसमोर सालींचे ढीग होतात. सालीतील तेलामुळे त्या कुजायला वेळ लावतात आणि गांडुळांना मानवत नाहीत. त्या बारीक तोडून, थोड्या थोड्या आणि भरपूर पाचोळ्याबरोबर टाकाव्या लागतात. वाळवून, दळून बेसनाबरोबर अंगाला लावण्याची पद्धत जुनीच आहे. अलीकडे एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून फरशी पुसण्याचे द्रावण करतात. आंबूस असल्यामुळे ते चिकटपणा व क्षाराचे डाग काढते. ते ओतल्याने तलाव शुद्ध होतात असा जो दावा केला जातो, तो मात्र विश्वास ठेवण्याजोगा नाही.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी बुधवार बाजारातल्या भाजीवाल्याकडे ‘पन्नी द्या’ ही मागणी संपलेली नाही, आणि गिऱ्हाईक मागते म्हणून विक्रेता ठेवतो. गाडीच्या डिक्कीत कायमची कापडी थैली ठेवणे हा त्यावरचा चालणारा उपाय आहे. जुन्या बेडशीटची शिवलेली थैली नव्या विकतच्या थैलीपेक्षा बरी. जेवणावळींसाठी विदर्भात पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होते. महाप्रसादाच्या मांडवांत त्यांची जागा घेणाऱ्या चकचकीत कागदी ताटल्यांवर बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्या कागदाच्या रद्दीत जात नाहीत आणि खतातही नाहीत. रद्दी, पत्रा, बाटल्या यांसाठी कबाडीवाला आहेच. त्याच्याकडे माल कोरडा आणि वेगळा गेला तरच त्याचे पुढे काही होते.

अन्नाच्या बाबतीत नागपूरचे ऊन हेच मोठे साधन आहे. सरगुंडे (हाताने वळलेल्या शेवयांसारखा प्रकार), कुरडया, मूगवड्या, पापड आणि सुकवलेल्या भाज्या गच्चीवर वाळतात व वर्षभर पुरतात, त्यांना ना फ्रीज लागतो ना गॅस. डाळ भिजवून कुकरला लावल्याने इंधन वाचते हे सांगण्याची गरज नसावी. प्रवासाला मेट्रोचा पर्याय आहे. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला आणि सीताबर्डीला एकमेकींना छेदणाऱ्या दोन मार्गिका खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर व प्रजापती नगर अशी शहराची चारही टोके जोडतात. स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर एप्रिल-मेच्या दुपारी चालवत नाही, हे गैरहजर सावलीचे दुखणे आहे, प्रवाशाच्या आळसाचे नव्हे.

सार्वजनिक सवयींत दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. गणेशमूर्तींचे विसर्जन फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा अशा तलावांऐवजी महानगरपालिकेच्या कृत्रिम टाक्यांत करण्याची रीत आता बरीच रुळली आहे. दुसरी, पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ या वेळात अनावश्यक दिवे मालवण्याचा ‘पौर्णिमा दिवस’. त्यातून वाचणारे युनिट थोडेच असतात, पण दुकानाची पाटी आपण होऊन विझवणारा दुकानदार त्यानिमित्ताने चांदणे बघतो.

मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलर निरुपयोगी होतो, कारण ऐंशी टक्के दमट हवेत पाणी फारसे उडत नाही. त्यानंतरही टाकीत पाणी राहिले तर डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास त्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून साचलेली भांडी रिकामी करण्यास सांगितले जाते. टाकी नुसती ओतून भागत नाही, कडांना चिकटलेली अंडी घासून काढावी लागतात. वाळ्याच्या ताट्या उन्हात खडखडीत वाळवून ठेवल्या तर आणखी एक उन्हाळा निघतो. लाकडी भुशाच्या ताट्या तितक्या टिकत नाहीत. जाळी सोडवून तो भुसा कुंड्यांत आच्छादन म्हणून पसरतात.