ओहोटीला श्वास घेणारं रान

खारफुटीच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, ओहोटीला पाय टाकला की तो घोट्यापर्यंत रुततो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हा हायड्रोजन सल्फाइड. वरचा पातळ थर सोडला तर त्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. खारफुटी म्हटलं की सगळे मिठाचं बोलतात, पण या झाडांची खरी पंचाईत हवेची आहे.

मिठाचा बंदोबस्त तसा चोख असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. त्यातलं 90 टक्क्यांहून अधिक मुळांपाशीच अडतं. खारफुटीतल्या तिवर या जातीची झाडं उरलेलं मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवा, कण हाताला लागतात.

हवेसाठी मात्र मुळंच वर येतात. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी टोकं निघालेली दिसतात, त्यांना बारीक छिद्रं असतात. भरतीत ती बुडाली की आतला प्राणवायू संपत जातो, दाब उतरतो. पाणी हटताच बाहेरची हवा आत ओढली जाते. खेकड्यांची बिळंही चिखलात हवा खेळवतात. आणि हवेच्या याच टंचाईमुळे गाडली गेलेली पानं-मुळं नीट कुजत नाहीत, त्यांतला कार्बन शतकानुशतकं तिथेच राहतो. मुळांच्या या गचपणात माशांची पिल्लं लपतात. लाटाही मंदावतात: 100 मीटर रुंदीच्या पट्ट्यात लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटल्याची मोजमापं आहेत. फरक एवढा मोठा, कारण सगळं झाडीच्या दाटीवर आणि पाण्याच्या खोलीवर अवलंबून.

लागवड फसते ती बहुतेकदा या हवेपायी. मोकळी दिसते म्हणून पार खालची चिखलजमीन निवडतात. रोपं बराच वेळ बुडून राहतात, अंगावर कालवं चिकटतात, लाटा ती उपटतात. जागा हवी सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांच्या मधली. शेजारची धडधाकट झाडं कोणत्या उंचीवर उभी आहेत ते गवंड्याच्या लेव्हल-पाइपने मोजता येतं. कांदळ या खारफुटीच्या दुसऱ्या जातीची लांब शेंग म्हणजे झाडावरच रुजलेलं रोप. मुळाचं टोक खाली ठेवून साधारण एक तृतीयांश लांबी चिखलात खोचायची.

बांधामुळे आत पाणी तुंबलं असेल तर रोपं लावून उपयोग नाही, श्वासाची मुळं कायमची बुडालेली राहतात. आधी बांधाला तोंड पाडून भरती-ओहोटी खेळती करावी. जवळपास जुनी झाडं असतील, तर बी बहुतेक वेळा भरतीबरोबर आपसूक येतं.