नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले का?

आईला शुगर निघून नऊ वर्षं झाली आणि दरवर्षी ती लक्ष्मी रोडला जाऊन चष्म्याचा नंबर काढून यायची, घरी येऊन ऐटीत सांगायची डोळे चेक केले, सगळं ओके. आम्ही पण माना डोलवायचो.

नंबर काढणं म्हणजे काय, तर समोरची अक्षरं वाचायची, काचा बदलत 'असं बरं की असं' एवढं सांगायचं, दहा मिनिटांत मोकळे. कुठल्या काचेतून नीट दिसेल तेवढंच कळतं त्यात.

पडदा तपासणं हे वेगळंच प्रकरण. बाहुली मोठी व्हायचे थेंब घालतात, अर्धा तास डोळे मिटून बाकड्यावर बसवतात, मग डॉक्टर लाईट मारून डोळ्याच्या आतला पडदा म्हणजे रेटिना बघतात. शुगरचा खरा मार बसतो तो इथे, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, झिरपायला लागतात, पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यातून रक्तस्राव होतो. आणि हे चालू असताना माणूस शेवटची ओळ खाडखाड वाचू शकतो, 6/6, म्हणजे नजर एकदम नॉर्मल! दुखत नाही, खुपत नाही. आईचं हेच झालं, नंबर तोच, आणि पडद्याला मध्यभागी सूज. आता डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत.

उलटंही होतं बरं का. शुगर खूप वर-खाली झाली की भिंगाचा आकार बदलतो आणि नंबर हलतो, मग लोक घाईने नवा चष्मा करतात आणि शुगर कंट्रोलमध्ये आली की तो चष्मा ड्रॉवरमध्ये. थोडं थांबा, शुगर स्थिर होऊ द्या.

टाइप 2 म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होणारी शुगर असेल तर ती निघाल्या निघाल्याच पडदा बघून घ्यायचा, टाइप 1 म्हणजे बहुधा लहान वयात होणारी, इन्सुलिन लागणारी असेल तर निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत, मग साधारण दरवर्षी. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले किंवा डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं तर मात्र त्याच दिवशी गाठा डॉक्टरांना. तपासणीला जाताना टू-व्हीलर घरी ठेवा, थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसतं, आई भर दुपारी अलका चौकात माझा गॉगल लावून, माझा दंड घट्ट धरून उभी होती आणि रिक्षाचं मीटर तिला वाचता येईना.

आता घरात कोणी 'डोळे तपासले' म्हणालं की मी एवढंच विचारतो, थेंब घातले होते का, निदान पडद्याचा फोटो तरी काढला का?